लेकरासाठी धरलेले उपवास आधी सोड

*ताई, मी निलंगा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय २७, लग्नाला चार वर्षं झाली, अजून दिवस राहिले नाहीत. पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येते. उंची पाच फूट एक इंच, वजन ४१ किलो. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.२ निघालं. गोळ्या दिल्या होत्या, पण मळमळ व्हायला लागली, शौचाला काळं व्हायला लागलं, म्हणून सोडल्या. घर माळकरी आहे, अंडंही चालत नाही. आमच्या आत्या (सासूबाई) मनानं चांगल्या आहेत, पण लेकरू व्हावं म्हणून त्यांनी मला सोमवार, गुरुवार, शनिवार धरायला लावलेत. एकादशी आणि संकष्टी वेगळी. पपई, तीळ, बाजरी गरम म्हणून बंद. आमचे हे ३१ वर्षांचे. शेती बघतात, मालाचा टेम्पो चालवतात, महिन्यातले निम्मे दिवस पुणे-हैदराबादच्या फेऱ्यांवर असतात. तंबाखू खातात. तपासणीचं नाव काढलं की 'माझ्यात काय खोट आहे' म्हणतात. आता मोबाईलवर बघून त्यांनी दोघांसाठी ताकदीची पावडर मागवायचं ठरवलंय, महिन्याला साडेतीन हजार. घ्यावी का? आणि काय खाल्लं म्हणजे लेकरू राहील?*
*— स., निलंगा तालुका*

प्रिय स.,

पावडर मागवू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा ऑर्डर गेली की ते पैसे परत यायचे नाहीत.

तुझं पत्र वाचताना मी कॅलेंडर समोर घेतलं. आठवड्याचे तीन वार, दोन एकादश्या, एक संकष्टी. काही तिथी वारावरच पडतात हे धरलं तरी महिन्यातले निम्मे दिवस तू उपाशी आहेस. उपवासाला घरोघरी काय असतं ते मला ठाऊक आहे. सकाळी चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी परत चहा, रात्री एखादं केळं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, लोह नावापुरतं. खिचडीत जो काही जीव असतो तो शेंगदाण्याच्या कुटाचा. म्हणजे अर्धा महिना तुझ्या पोटात वरण नाही, पालेभाजी नाही, ज्वारीसुद्धा नाही.

आता वजन बघ. पाच फूट एक इंच उंचीला कमीत कमी साडेचव्वेचाळीस किलो वजन हवं. तुझं ४१ आहे. एवढं कमी वजन असलं की शरीर काय करतं, ते नीट समजून घे. पाळीचं चक्र बीजकोशातून सुरू होत नाही, मेंदूतून होतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग ठरावीक अंतरानं इशारे देतो, त्यावरून पिट्यूटरी ग्रंथी हार्मोन सोडते, आणि मग बीजकोशात बीज पिकतं. खाणं अपुरं, अंगावर चरबी नाही आणि रानातली मेहनत भरपूर, असं झालं की हे इशारे विरळ होतात. बीज उशिरा पिकतं, एखाद्या महिन्यात पिकतच नाही, आणि पाळी लांबते. खुरपणी-काढणीच्या दिवसांत तुझी पाळी आणखी पुढे जाते का, जरा आठवून बघ.

कारण हेच, असं मी पत्रावरून छातीठोकपणे सांगणार नाही. थायरॉईड बिघडला तरी पाळी लांबते, आणि पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न पिकण्याचा विकार) बारीक अंगाच्या बायकांनाही असतो. ते तपासावंच लागेल. पण लेकरू व्हावं म्हणून तू जी उपासमार करतेस, तीच लेकराच्या आड येत असण्याची शक्यता मोठी आहे. आणि ती थांबवायला कुठल्याही रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.

आत्यांना कसं सांगायचं, हा खरा प्रश्न. आजारी माणसाला उपवास माफ असतो, हे त्यांनाही मान्य असेल. मग ९.२ हिमोग्लोबिन हा आजारच आहे, एवढंच सांग. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर जास्त पटतं, म्हणून पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात सोबत ने. त्यांची तब्येत ठणठणीत असेल तर सोमवार-गुरुवार त्यांनीच सुनेच्या नावानं धरावेत, देवाला त्यात वावगं वाटायचं कारण नाही. एकादशी सोडवत नसेल तर ठेव, पण ती साबुदाण्यावर काढू नको. भगर, राजगिरा, दूध, दही, शेंगदाणे, फळं असं पोटभर खा. आणि उपवासाला म्हणून आणलेलं शेंदेलोण रोजच्या स्वयंपाकात येऊ देऊ नको. त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीन तुझ्या थायरॉईडला लागतं, आणि पुढे बाळाच्या मेंदूलाही. रोजचं मीठ पाकिटातलं, आयोडीनयुक्तच हवं.

आता ताटाकडे येऊ. इतर दिवशी तू काय खातेस ते लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज आहे. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना मी काल काय खाल्लं ते विचारते. भाकरी किती, सांगतात. कोरड्यास काय होतं, तेही सांगतात. मग विचारायचं, तुझ्या ताटात किती आलं? त्यावर हसून उत्तर येतं, 'संपलं होतं, मग चटणी-भाकर खाल्ली.' वरण केलेलं असतं पाच माणसांचं, आणि पाचवी शेवटी बसते. तेव्हा पातेल्यात तळाची डाळही उरलेली नसते. तुला नवा पदार्थ सांगण्याआधी म्हणून एकच सांगते. सगळ्यांना वाढायच्या आधी स्वतःची वरणाची वाटी आणि भाजी काढून झाकून ठेव. घट्ट वरणाची, वरच्या पाण्याची नव्हे. वेळ अमावस्येला रानात भज्जी-आंबील घेऊन सगळे एकाच वेळी जेवता ना, तेव्हा कुणाचं काही अडत नाही. घरात रोज तसं बसता आलं तर झाकून ठेवायचीही गरज नाही.

वजन वाढवायचं म्हणजे डोंगर उचलायचा नाही. साडेतीन किलो तीन महिन्यांत वाढवायचं तर रोजच्या खाण्यात साधारण ३०० कॅलरींची भर पुरते. मूठभर भाजलेले शेंगदाणे, म्हणजे ३० ग्रॅम, आणि सोबत गुळाचा खडा. यातून दोनशेच्या आसपास झाल्या. वर साय न काढलेलं अर्धा पेला म्हशीचं दूध घेतलंस की हिशोब पुरा. तुमच्या घरी दूध डेअरीला जात असेल तर त्यातलं अर्धा लिटर घरात मुरलं पाहिजे, यावर मी हटून बसेन. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली आले. सायीसकट दूध घेणाऱ्या बायकांमध्ये बीज न पिकल्यामुळे येणारं वंध्यत्व कमी दिसलं, आणि वनस्पती तुपात पूर्वी भरपूर असायचे ते ट्रान्स फॅट खाणाऱ्यांमध्ये जास्त. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, पण दूध तुला तसंही हवंच आहे. डालडा आणि परत परत तापवलेलं तळणाचं तेल टाळायला तर अभ्यासाचीही गरज नाही. करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल घरात आहे, ते पुरे. जवसाची चटणी रोज ताटात असू दे. माशातून जे ओमेगा-३ मिळतं त्याचाच एक प्रकार शाकाहाऱ्याला जवसातून मिळतो.

प्रथिनांसाठी तुला बाहेर कुठे जायचं कारणच नाही. लातूरच्या अडतीत सोयाबीनचे ढीग लागतात, देशभरातला व्यापारी तिथला भाव विचारतो, आणि पिकवणाऱ्याच्या घरात मात्र त्याचा दाणा शिजत नाही. सोयाबीनच्या शंभर ग्रॅमांत ३५ ग्रॅमांहून जास्त प्रथिनं असतात. तूर-मुगात वीस-बावीस असतात. फक्त ते कच्चं खायचं नाही, त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. खरपूस भाजून गव्हाबरोबर दळून आण, नऊ किलोला एक किलो. सोयावड्यांचा रस्साही चालतो. सोयाबीन खाल्लं की पुरुषाची ताकद जाते, हे पारावरचं शास्त्र तुझ्याही कानावर आलं असेल. पुरुषांवर झालेल्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष बघितले तर सोयाबीननं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घटत नाही. तेव्हा नवऱ्यालाही वाढ. मटकी, हुलगे, हरभरा, तुरीचे सोले, हुरडा, जे ज्या हंगामात रानात आहे ते ते खा.

रक्त वाढवायचं मात्र एकट्या खाण्यावर सोडू नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, म्हणजे तू एकटी नाहीस. पण ९.२ वरून १२ वर बीट आणि डाळिंबानं जाता येत नाही. त्यांचा रंग लाल आहे म्हणून रक्त वाढत नसतं, लोह दोन्हींत अगदी थोडं आहे. गोळ्या परत सुरू कर. शौचाला काळं होणं हे लोहाच्या गोळीचं नेहमीचं लक्षण आहे, त्यात धोका काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घेऊन बघ. तरी त्रास झाला तर दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचार, तसंही दिलं जातं. गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही. आणि चहा! जेवलं की लगेच कपभर चहा हा आपल्याकडचा रिवाज तुझं अर्धं लोह वाया घालवतो. जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी चहा नको. त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळ, आवळा खा, हंगामात जालन्याची मोसंबी खा. क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाकरीतलं लोह अंगी लागतं. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत. शरीरातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. रानात अनवाणी जात असशील तर पाळी येऊन गेल्यावर जंताची गोळीही डॉक्टरांना विचारून घे. पोटातले हुकवर्म रक्तच पितात. एवढं सगळं नीट करूनही तीन महिन्यांत आकडा हलला नाही, तर थॅलेसेमियाची (रक्ताच्या आनुवंशिक दोषाची) एचबीए२ तपासणी करून घ्यायला सांग.

गोळ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी. पहिली फॉलिक ॲसिडची. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. तुझी पाळी एरवीही लांबते, म्हणून ती चुकल्याचं उशिरा लक्षात येईल, आणि दिवस राहिल्याचं कळेपर्यंत ते काम जवळपास उरकलेलं असू शकतं. म्हणून ही गोळी दिवस राहण्याआधी किमान महिनाभर सुरू हवी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतंच. ती रोज घेत असशील तर वेगळी लागत नाही. औषधाच्या दुकानात बहुतेक ५ मिलिग्रॅमची देतात, ती बारापट मोठी. आधीच्या बाळाच्या कण्यात दोष होता, मधुमेह आहे किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत, अशांना डॉक्टर मोठी गोळी देतात. तू मनानं घेऊ नको.

दुसरी बी१२ जीवनसत्त्वाची. माळकरी घरात हे बघितलंच पाहिजे. बी१२ भाजीपाल्यात नसतं, कुठल्याच धान्यातही नसतं. शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं, आणि तुमचं दूध डेअरीला जात असेल तर तेही नाही. पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास पुण्याच्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात सुरू केला. त्यात निम्म्याहून अधिक बायकांत बी१२ कमी निघालं. ज्यांचं बी१२ कमी आणि फॉलेट (फॉलिक ॲसिडचं जीवनसत्त्व) मात्र जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात पुढे इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं दिसलं. म्हणजे बी१२ न बघता नुसत्या फॉलिकच्या मोठ्या गोळ्या खात राहणं बरं नाही. दोघांचंही बी१२ तपासून घ्या. ही गोळी जिवाणूंपासून तयार करतात, माळेला चालते. फक्त दुकानदाराला कॅप्सूल नको, गोळी दे म्हणून सांग. कॅप्सूलचं आवरण बऱ्याचदा प्राण्यांच्या जिलेटिनचं असतं.

गरम-थंडाचं थोडक्यात सांगते. पिकलेली पपई, तीळ, बाजरी यांनी दिवस राहायचे थांबतात, याला काही आधार नाही. तिळात आणि बाजरीत उलट लोह चांगलं आहे. दिवस राहिल्यावर कच्ची, चिकाची पपई टाळायची, एवढंच.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. हा भाग त्यांना वाचून दाखव.

दादा, लेकरू न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीनं. त्याचा ताकदीशी, मिशीशी आणि संबंध जमण्याशी काडीचा संबंध नाही. अंगापिंडानं मजबूत माणसाचे शुक्राणू शून्य असू शकतात आणि त्याला काहीच जाणवत नाही. वीर्याची तपासणी सुई न टोचता, एका सकाळी, थोड्या पैशांत होते. बायकांच्या तपासण्या त्यापेक्षा महाग, आणि काही तर दुखणाऱ्या. तरी आपल्याकडे चार-चार वर्षं बायकोच्याच नळ्या तपासत बसतात, आणि नवऱ्याच्या रिपोर्टची पाळी सगळ्यात शेवटी येते. मला याचा राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. तासाभराच्या आत तो तपासणीला लागायला हवा, आणि गावाहून लातूर गाठेपर्यंत तेवढा वेळ निघून जातो. रिपोर्टमध्ये मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांच्या वर शुक्राणू आणि त्यांतले ४२ टक्के हलणारे असले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापानुसार बरं मानतात. एका रिपोर्टवर खचून जायचं नाही. ताप येऊन गेला असला तरी आकडा पडतो, म्हणून कमी आला तर काही आठवड्यांनी परत करतात.

तंबाखू बंद करावी लागेल, कमी करून भागणार नाही. तंबाखूनं शुक्राणूंची संख्या आणि चाल दोन्ही घटतात. माळ घालताना व्यसन करणार नाही असा शब्द दिलेला असतो, त्यात तंबाखू का धरत नाहीत हे विठोबालाच माहीत. तुम्ही फवारणीही करत असणार. पंप खाली ठेवायचा, धोतराला किंवा पॅन्टला हात पुसायचे आणि त्याच तळव्यावर चुना लावून तंबाखू मळायची, हे मी बांधावर कितीदा बघितलंय. ते औषध मग कातडीतूनही जातं आणि तोंडातूनही. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आलं, की आपल्यातल्या कित्येकांना लेकरंच होत नाहीयेत. तपासलं तर शुक्राणू अगदी थोडे, काहींचे शून्य. पुढे त्या औषधावर बंदी आली. आज तुमच्या पंपात ते नाही, पण बाकीची औषधं पाण्यासारखी आहेत असंही समजू नका. हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि घरी आल्या आल्या साबणानं अंघोळ. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. तेही बायकोच्या हातानं नको, तिलाही तेच विष लागतं.

वृषणं शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहिली तरच नीट काम करतात, म्हणून ती शरीराबाहेर असतात. टेम्पोच्या इंजिनावरच्या तापलेल्या सीटवर दहा-दहा तास बसणं त्यांना मानवत नाही. दीड-दोन तासांनी गाडी थांबवून उतरा, पाय मोकळे करा. अंतर्वस्त्र सैल, सुती घाला. ढाब्यावर रोजची दारू असेल तर तीही सोडा. आणि व्यायामशाळेतल्या कुणी पिळदार अंगासाठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर अजिबात घेऊ नका. बाहेरून हे हार्मोन घेतलं की शरीर शुक्राणू बनवणं थांबवतं.

शुक्राणू तयार व्हायला सत्तरच्या वर दिवस लागतात. म्हणून आज तंबाखू सोडली तर तिचा परिणाम रिपोर्टात दिसायला, सोयाबीन पेरल्यापासून काढेपर्यंत जातात तेवढे दिवस जाऊ द्यावे लागतात.

स., आता परत तुझ्याशी. तुलाही एक विचारायचं राहिलं. तू मिसरी लावतेस का? दातांसाठी म्हणून आपल्या बायका सकाळ-संध्याकाळ लावतात आणि तिला व्यसनात धरत नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे, बीजकोशालाही घातक आणि गर्भालाही. लावत असशील तर नवऱ्याबरोबर तूही सोड. दोघांनी एकदमच सोडलेलं बरं टिकतं.

पावडरीबद्दल म्हणशील तर, २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. लेकरासाठी प्रयत्न करणाऱ्या २,३७० जोडप्यांतल्या निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज झिंक आणि फॉलिक ॲसिड दिलं, निम्म्यांना नुसती औषध नसलेली गोळी. शुक्राणूंत फरक पडला नाही आणि बाळं जन्मण्यातही नाही. तुमच्या पावडरीच्या डब्यावरही झिंकचं नाव मोठ्या अक्षरात असेल. त्या एका महिन्याच्या पैशात तुम्हा दोघांच्या पहिल्या तपासण्या बहुतेक होऊन जातील, सरकारी दवाखान्यात तर बरेच उरतीलही. गावोगाव 'मुलगाच होईल' म्हणून पुड्या देणारेही असतात, त्यांच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी पुरुषाच्या शुक्राणूवरून ठरलेलं असतं, आणि अशा पुड्यांनी बाळात व्यंग येण्याचा धोका आहे.

एका गोष्टीवर मात्र तुमची चार वर्षं फुकट गेली असावीत, अशी मला शंका आहे. मोबाईलमधलं ॲप पाळीपासूनचा चौदावा दिवस दाखवतं, आणि तुम्ही तो धरत असाल. चौदावा दिवस अठ्ठावीस दिवसांच्या पाळीला लागू. बीज बाहेर पडतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. तुझ्या पाळीत तो दिवस सव्विसावा ते एकतिसावा असेल. बीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू मात्र चार-पाच दिवस तग धरतात. म्हणून विसाव्या दिवसापासून बत्तिसाव्यापर्यंत दर दोन-तीन दिवसांनी संबंध यायला हवा. नवऱ्याच्या लांबच्या फेऱ्या पाळी आल्यापासूनच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांत बसवता आल्या तर बघा, मालवाल्याला घरचं कारण सांगायची गरज नाही. अंगावर पातळ, बुळबुळीत, बोटांत ओढलं तर तार धरणारा पांढुरका स्राव जाऊ लागला, की ते दिवस जवळ आले असं समज. वजन वाढलं की पाळी अलीकडे येईल आणि हे दिवसही सरकतील, तेव्हा आकड्यापेक्षा त्या खुणेवर भिस्त ठेव.

तपासणीसाठी आता थांबू नको. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवायचं असतं. पस्तिशी उलटलेल्या बाईनं तर सहा महिन्यांतच. तुमची चार वर्षं झाली आहेत. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, तिथं दोघं एकाच दिवशी जा. तुझं हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी१२, सोनोग्राफी आणि त्यांचं वीर्य, एवढ्यानं सुरुवात होते. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल, तुला बारीक ताप किंवा खोकला राहत असेल, तर ते न विसरता सांग. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी हे मूल न राहण्याचं एक कारण आहे, आणि वजन न वाढण्याचंही. पाळीच्या तारखा वहीत लिहून ने. 'अंदाजे दीड महिना' म्हणण्यापेक्षा मागच्या सहा तारखा दाखवल्यास तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

यापुढे पाळी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे गेली तर आशाताईंकडून निश्चय किट घे, ते फुकट मिळतं. सकाळच्या पहिल्या लघवीवर तपास. दोन रेषा आल्या तर गोळ्या बंद न करता बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदव, आणि नोंदणीला जाताना रक्ताचे आधीचे सगळे कागद सोबत ने.